बांधकामाला वेग देणे आणि खर्च आवाक्यात ठेवणे : वेळापत्रकाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बांधकामाचे वेळापत्रक म्हणजे तारखांची यादीच ना?

नाही, आणि बहुतेक अडचणींची सुरुवात याच समजुतीपासून होते. तारखांची यादी कोणते काम कधी करायचे एवढेच सांगते. ते काम त्या दिवशी का करायचे, ते चुकले तर पुढे कोणाचा खोळंबा होईल आणि तो भरून काढायला किती पैसे पडतील, याची उत्तरे यादीत नसतात. ती मिळण्यासाठी वेळापत्रकात तीन गोष्टी नोंदवाव्या लागतात : प्रत्येक कामाला लागणारे दिवस, कामांचे एकमेकांवरील अवलंबन आणि प्रत्येक कामासाठी लागणारी माणसे, यंत्रे व पैसा. पहिली गोष्ट जवळजवळ प्रत्येक साइटवर लिहिलेली असते, दुसरी अनुभवी मुकादमाच्या डोक्यात असते आणि तिसरी बहुधा कोठेच नसते. दुसरी आणि तिसरी गोष्ट कागदावर आली, तरच वेळ आणि खर्च यांचा एकत्र विचार करता येतो.

बार चार्ट तर सगळेच वापरतात. तो पुरेसा का नाही?

बार चार्ट, म्हणजे प्रत्येक काम तारखांच्या ओळीत आडव्या पट्टीने दाखवणारा तक्ता, वाचायला सोपा आहे आणि साइट ऑफिसच्या भिंतीवर लावायला त्याच्यासारखा दुसरा तक्ता नाही. पोलंडचे अभियंते कारोल अदामिएत्स्की यांनी १८९६ मध्ये अशा स्वरूपाचा आराखडा मांडला होता, आणि पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील हेन्री गँट यांच्या नावाने हा प्रकार जगभर रूढ झाला. त्याची मर्यादा एवढीच, की प्रत्येक पट्टी स्वतंत्र उभी असते. वीटकामाची पट्टी आठ दिवस उजवीकडे सरकली, तर गिलाव्याची पट्टी आपोआप सरकत नाही. ती सरकवायची हे कोणालातरी आठवावे लागते. वीस कामांचा प्रकल्प असेल तर आठवते, दोनशे कामांचा असेल तर नाही. म्हणून बार चार्ट दाखवण्यासाठी ठेवावा आणि हिशोब पुढच्या प्रश्नात सांगितलेल्या जाळ्याच्या पद्धतीने करावा.

क्रिटिकल पाथ म्हणजे नेमके काय?

प्रकल्पातील कामे एकमेकांना जोडून त्यांचे जाळे काढले, तर सुरुवातीपासून शेवटापर्यंत जाणाऱ्या अनेक वाटा दिसतात. त्यांपैकी सर्वांत जास्त दिवसांची वाट म्हणजे क्रिटिकल पाथ. ती सर्वांत लांब असल्यामुळेच प्रकल्प तिच्यापेक्षा लवकर संपू शकत नाही, आणि तिच्यावरील कोणत्याही कामाला एक दिवस उशीर झाला की संपूर्ण प्रकल्पाला एक दिवस उशीर होतो.

एक उदाहरण घेऊ, ते पुढेही उपयोगी पडेल. एका इमारतीच्या पायाला २० दिवस, आरसीसी सांगाड्याला ५०, वीटकामाला २५, गिलाव्याला २० आणि रंगकामाला १५ दिवस लागतात, आणि ही कामे एकामागून एक होतात. ही वाट १३० दिवसांची झाली. दुसरीकडे, पाया झाल्यावर मापे पक्की होऊन दारे-खिडक्यांच्या चौकटींची ऑर्डर जाते. त्या तयार होऊन येण्यास ७० दिवस लागतात आणि चौकटी आल्याशिवाय गिलावा सुरू करता येत नाही. ही वाट २०, ७०, २० आणि १५ मिळून १२५ दिवसांची आहे. म्हणजे पहिली वाट क्रिटिकल, आणि चौकटींच्या कामाला ५ दिवसांची सवड आहे. या सवडीला फ्लोट म्हणतात.

ही पद्धत ड्यू पॉन्ट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी १९५७ च्या सुमारास विकसित केली. त्यांच्यापुढचा प्रश्न केवळ ‘प्रकल्प कधी संपेल’ एवढाच नव्हता. तो कमीत कमी जादा खर्चात लवकर कसा संपवता येईल, हाही होता. आज बहुतेक ठिकाणी या पद्धतीचा पहिला अर्धा भाग वापरला जातो आणि खर्चाचा अर्धा भाग विसरला जातो.

दोन कामांमध्ये नुसते थांबावे लागते, तो काळ कसा दाखवायचा?

स्लॅब ओतल्यावर सेंट्रिंग (खालचा साचा आणि त्याचे टेकू) काढेपर्यंत कोणी काम करीत नसते, तरीही दिवस जातातच. असा काळ दोन कामांमधील ‘विलंब’ म्हणून जाळ्यात स्वतंत्र दाखवावा. काँक्रीटची ताकद प्रमाण म्हणून २८ दिवसांची धरतात आणि साध्या सिमेंटच्या काँक्रीटला सात दिवसांत साधारण तिचा दोन-तृतीयांश भाग मिळतो. टेकू कधी काढायचे हे गाळ्याची लांबी (दोन आधारांमधील अंतर), वरचा भार आणि हवामान पाहून अभियंता ठरवतो. हा काळ मजूर वाढवून कमी होत नाही. तो कमी करायचा असेल तर काँक्रीटचे मिश्रण बदलावे लागते, वाफेने क्युरिंग (काँक्रीट ओलसर ठेवून पक्के होऊ देणे) करावे लागते किंवा सेंट्रिंगचे जादा संच आणावे लागतात. वेळापत्रकात हे थांबणे ‘स्लॅबचे काम’ या एकाच पट्टीत दडवले, की त्याची ही वेगळी प्रकृती दिसेनाशी होते आणि मग तेथे माणसे वाढवण्याचे निष्फळ आदेश निघतात.

फ्लोट कोणाच्या मालकीचा असतो?

करारात स्पष्ट लिहिलेले नसेल, तर भांडणाचा सर्वांत सुपीक विषय हाच. कंत्राटदाराला वाटते की ही आपली राखीव सवड आहे. मालकाला वाटते की नकाशे उशिरा दिले तरी पाच दिवस होतेच की. व्यवहारात अधिक चांगला ठरणारा नियम असा, की फ्लोट प्रकल्पाचा असतो आणि ज्याला प्रथम गरज पडेल त्याने तो वापरावा. मात्र वापरल्याची नोंद त्याच आठवड्यात झाली पाहिजे. हा नियम निविदेच्या कागदपत्रांतच घालावा. भांडण सुरू झाल्यावर घालता येत नाही.

जास्त मजूर लावले किंवा ओव्हरटाइम केला, की काम लवकर होते ना?

काही मर्यादेपर्यंत होते. एका खोलीत दोन गवंड्यांच्या जागी चार लावले तर काम जवळजवळ निम्म्या वेळात होईल. आठ लावले तर ते एकमेकांच्या पायात येतील, पाड (परांची) उभी करायला जागा उरणार नाही आणि माल वाहून नेणारी लिफ्ट मात्र एकच राहील. त्याच मजल्यावर गवंडी, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन एकाच वेळी घुसवले, तर प्रत्येकाचा वेग घटतो आणि एकाने केलेले दुसरा फोडतो.

ओव्हरटाइमचेही असेच आहे. स्लॅब एका दमात पूर्ण करण्यासाठी दोन-तीन रात्री जागणे हे योग्य कारण आहे. परंतु आठवड्यामागून आठवडे जादा तास चालू राहिले, की थकवा साचतो, चुका आणि अपघात वाढतात, पुन्हा करावी लागणारी कामे वाढतात आणि शेवटी जादा दर देऊन पूर्वीइतकेच काम पदरात पडते. दीर्घ काळासाठी वेग हवा असेल, तर त्याच माणसांचे तास ताणण्यापेक्षा दुसरी पाळी ताज्या माणसांची लावावी. तिच्यासाठी प्रकाश, देखरेख आणि रात्री माल पुरवण्याची व्यवस्था यांचा खर्च मात्र आधी धरावा. तो धरायचा बहुतेक वेळा राहून जातो.

कमीत कमी खर्चात किती दिवस वाचवता येतील, हे कसे काढायचे?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे, म्हणून थोडे सविस्तर पाहू. प्रकल्पाचा खर्च दोन प्रकारचा असतो. मजुरी, साहित्य आणि यंत्रे यांचा प्रत्यक्ष खर्च काम घाईने केले की वाढतो. साइट ऑफिस, देखरेख, राखण, भाड्याची क्रेन आणि कर्जावरील व्याज हा अप्रत्यक्ष खर्च प्रकल्प लवकर संपला की कमी होतो. एक वाढतो आणि एक घटतो, त्यामुळे दोहोंच्या बेरजेला कोठेतरी तळ असतो. तो तळ शोधायचा.

वरील उदाहरणात अप्रत्यक्ष खर्च दररोज ६ एकके आहे असे समजा. एकक कोणत्याही चलनाचे धरा. कामे आकुंचित करण्याचे, म्हणजे त्यांचे दिवस कमी करण्याचे, दर वाचवलेल्या प्रत्येक दिवसामागे असे : पाया ३ दिवसांपर्यंत, दररोज ९ एकके, सांगाडा ८ दिवसांपर्यंत, दररोज ४, वीटकाम ५ दिवसांपर्यंत, दररोज ३, गिलावा ३ दिवसांपर्यंत, दररोज ५, आणि चौकटींचा पुरवठा १० दिवसांपर्यंत, दररोज २ एकके. रंगकाम कमी करता येत नाही.

पाहताक्षणी सर्वांत स्वस्त काम चौकटींचे दिसते. पण त्यांना ५ दिवसांचा फ्लोट आहे. त्यांच्यावर खर्च केलेले प्रत्येक एकक वाया जाईल, कारण प्रकल्प १३० दिवसांचाच राहील. क्रिटिकल पाथवरील सर्वांत स्वस्त काम वीटकामाचे आहे. ते ५ दिवसांनी कमी केले तर १५ एकके खर्च होतात आणि अप्रत्यक्ष खर्चाची ३० एकके वाचतात. प्रकल्प १२५ दिवसांवर आला, निव्वळ बचत १५.

आता मात्र चित्र बदलले. दोन्ही वाटा १२५ दिवसांच्या झाल्या, म्हणजे दोन्ही क्रिटिकल आहेत. यापुढे एक दिवस वाचवायचा तर एकतर दोन्ही वाटांना सामाईक असलेले काम कमी करावे लागेल, किंवा दोन्ही वाटांवर एकेक. सामाईक असलेल्या गिलाव्याचा दर ५ आहे, तो ६ पेक्षा कमी, म्हणून ३ दिवस घ्यावेत. प्रकल्प १२२ दिवसांवर येतो आणि आणखी ३ एकके वाचतात. पुढचा पर्याय सांगाडा आणि चौकटी एकत्र आकुंचित करण्याचा. त्यांचा मिळून दर ६, म्हणजे अप्रत्यक्ष खर्चाइतकाच. आणखी ८ दिवस कमी होऊन प्रकल्प ११४ दिवसांत बसतो, पण पैशाच्या दृष्टीने ना नफा, ना तोटा. पायाचा दर ९, तेथे दररोज ३ एककांचा तोटा आहे.

तेव्हा खर्चाचा तळ १२२ ते ११४ दिवसांच्या दरम्यान सपाट आहे. मालकाला इमारत लवकर हवी असेल तर ११४ दिवस घ्यावेत, जोखीम कमी ठेवायची असेल तर १२२. आणि करारात लवकर काम पूर्ण केल्याबद्दल दररोज ४ एककांचे बक्षीस असेल, तर वाचलेल्या दिवसाची किंमत १० होते आणि पाया आकुंचित करणेही परवडते. आता या सगळ्याशी ‘सर्वांनी वेग वाढवा’ या आदेशाची तुलना करून पाहावी. तो आदेश पाळला तर पाया आणि चौकटींसकट सर्व कामे पूर्ण आकुंचित होतील, प्रकल्प १११ दिवसांत येईल आणि शेवटचे तीन दिवस उगाच तोट्यात विकत घेतलेले असतील. शिवाय चौकटी ८ दिवस कमी झाल्या तरी पुरते, हे लक्षात न आल्याने १० दिवसांचे पैसे गेलेले असतील.

पैसे न वाढवता, कामे एकमेकांवर चढवून वेळ वाचवता येत नाही का?

येतो. यालाच फास्ट ट्रॅक म्हणतात : एक काम पूर्ण होण्याची वाट न पाहता पुढचे सुरू करायचे. खालच्या मजल्यांचे वीटकाम वरच्या मजल्यांचे स्लॅब चालू असताना होतेच. ती निर्धोक सरमिसळ आहे, कारण जागा वेगळी आहे. धोका आहे तो आराखडा पूर्ण होण्याआधी बांधकाम सुरू करण्यात. येथे रोख खर्च लगेच दिसत नाही; तो जोखमीच्या रूपाने साचत जातो.

सिडनीचे ऑपेरा हाउस हे याचे जगप्रसिद्ध उदाहरण. १९५९ मध्ये चौथऱ्याचे काम सुरू झाले, तेव्हा वरच्या कवचांची रचना कशी उभी राहणार हे ठरलेले नव्हते. पुढे ती रचना निश्चित झाल्यावर चौथऱ्यातील खांब तिचे वजन पेलण्यास अपुरे ठरले आणि ते पुन्हा बांधावे लागले. इमारत १९६३ मध्ये उघडण्याचा बेत होता, ती १९७३ मध्ये उघडली. ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आरंभीच्या अंदाजाचे सुमारे १० कोटी २० लाख झाले. उशिराची कारणे अनेक होती, तरी सुरुवातीची ही घाई त्यांतील एक होती. यातून घ्यायची खबरदारी सोपी आहे : जे काम आधी सुरू करायचे, त्याच्यावर येणारा भार आणि त्यातून जाणारे मार्ग गोठवलेले असले पाहिजेत. रंगांच्या छटा उशिरा ठरल्या तरी चालतात.

बहुमजली इमारतीत किंवा रस्त्याच्या कामात तीच कामे पुन्हा पुन्हा येतात. तेथे वेगळी पद्धत आहे का?

आहे. एकाच प्रकारचे काम मजल्यामागून मजला किंवा किलोमीटरमागून किलोमीटर करायचे असते, तेव्हा तारखांपेक्षा टोळीचा वेग महत्त्वाचा ठरतो. अशा वेळी एका अक्षावर दिवस आणि दुसऱ्यावर मजले घेऊन प्रत्येक टोळीची तिरकी रेषा काढतात. हिला लाइन ऑफ बॅलन्स म्हणतात. रेषेचा चढ म्हणजे वेग, आणि दोन रेषा छेदल्या तर एक टोळी दुसरीच्या अंगावर आली असे समजावे.

वीस मजल्यांची इमारत घ्या. वीटकामाची टोळी एक मजला ५ दिवसांत आणि गिलाव्याची टोळी ४ दिवसांत करते. पहिल्या मजल्याचे वीटकाम पाचव्या दिवशी संपले, म्हणून गिलावेवाल्यांना सहाव्या दिवशी बोलावले, तर ते दर मजल्यानंतर एक दिवस रिकामे बसतील : एकूण १९ दिवस, मजुरी चालू. त्यांना २४ दिवस उलटल्यावर बोलावले, तर ते एकही दिवस न थांबता काम करतील आणि तरीही दोन्ही बाबतींत गिलावा १०४ व्या दिवशीच संपेल. म्हणजे उशिरा सुरू केल्याने तारीख बिघडली नाही आणि १९ दिवसांची मजुरी वाचली. ‘काम लवकर सुरू केले की लवकर संपते’ हा समज येथे किती महाग पडतो, ते यावरून दिसेल. लवकर संपवायचे असेल तर वीटकामाचा वेग वाढवावा लागेल, कारण तीच मंद रेषा सर्वांना अडवते. अर्थात, २४ व्या दिवसाची ही तारीख अगदी काटेकोर आहे. वीटकाम जरा घसरले तर वाट पाहणे आलेच, म्हणून व्यवहारात काही दिवसांची फट ठेवतात.

सर्व टोळ्यांचा वेग सारखा करून प्रत्येकीला ठरावीक दिवसांत एक मजला सोडायला लावण्याच्या पद्धतीला ताल किंवा टॅक्ट नियोजन म्हणतात. न्यू यॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीचे बांधकाम १७ मार्च १९३० रोजी सुरू झाले आणि १ मे १९३१ रोजी ती उघडली. तिचा पोलादी सांगाडा आठवड्याला सरासरी साडेचार मजल्यांच्या वेगाने चढला. माल ज्या क्रमाने बसवायचा त्याच क्रमाने आणि त्याच वेळी साइटवर येईल, अशी आखणी त्यामागे होती.

कामाला किती दिवस लागतील हेच नक्की नसेल तर?

१९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी पर्ट ही पद्धत तयार झाली, ती याच अडचणीतून. प्रत्येक कामाचे तीन अंदाज घेतात : सर्व सुरळीत झाल्यास, सर्वाधिक संभाव्य आणि सर्व बिघडल्यास. मधल्या अंदाजाला चारपट वजन देऊन बेरजेला सहाने भागतात. जमीन खोदण्याला ८, १० आणि १८ दिवस असे अंदाज असतील, तर अपेक्षित काळ ११ दिवस येतो. सर्वाधिक संभाव्य १० असूनही उत्तर ११, कारण बांधकामात काम लवकर होण्याला मर्यादा असते. खडक लागल्यावर उशीर होण्याला नसते.

एक गोष्ट मात्र हे सूत्र लपवते. गिलावा सुरू होण्यासाठी वीटकाम आणि चौकटी दोन्ही हव्यात. प्रत्येक वेळेवर होण्याची शक्यता ५० टक्के असेल आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नसेल, तर दोन्ही वेळेवर होण्याची शक्यता २५ टक्केच. तीन वाटा मिळत असतील तर साडेबारा. म्हणून जेथे अनेक वाटा एकत्र येतात, ते टप्पे नेहमी चुकतात आणि प्रत्येक जण प्रामाणिकपणे सांगतो की चूक आपली नव्हती. मोठ्या प्रकल्पांत संगणकावर हजारो वेळा यादृच्छिकपणे दिवस निवडून शक्यतांचे वितरण काढतात. त्याला मॉन्टे कार्लो पद्धत म्हणतात. लहान प्रकल्पात अशा संगमाच्या टप्प्यापूर्वी थोडे राखीव दिवस ठेवले तरी बराच फायदा होतो.

राखीव दिवस प्रत्येक कामात ठेवावेत की शेवटी?

प्रत्येक जण आपल्या अंदाजात दोन-चार दिवस गुपचूप मिळवतोच. पण मिळालेला वेळ पुरेपूर वापरला जातो, हे निरीक्षण नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये मांडले आणि ते कोणत्याही साइटवर पडताळता येते : लवकर झालेले काम लवकर झाले असे कोणी सांगत नाही, कारण पुढच्या वेळी तेवढेच दिवस मिळतील. एलियाहू गोल्डरॅट यांच्या क्रिटिकल चेन पद्धतीत कामांचे अंदाज आखूड ठेवून काढलेले दिवस साखळीच्या शेवटी एकत्र राखीव ठेवतात आणि तो साठा किती झिजला यावर लक्ष ठेवतात. ही पद्धत विचार म्हणून पटते, परंतु अंदाज चुकल्याबद्दल माणसांना दंड करणाऱ्या संस्थेत ती चालत नाही. तेथे लोक पुन्हा दिवस लपवू लागतात.

वेळापत्रक चांगले असूनही आठवड्याचे काम आठवड्यात का होत नाही?

कारण वेळापत्रक ‘काय व्हायला हवे’ ते सांगते. ‘काय होऊ शकते’ हे सोमवारी सकाळी साइटवर ठरते. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी १९९० च्या दशकात या फटीचा अभ्यास केला. त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांत आठवड्यासाठी ठरवलेल्या कामांपैकी साधारण निम्मीच त्या आठवड्यात पूर्ण होत होती. त्यातून लास्ट प्लॅनर ही पद्धत आली. तिचे सार असे, की प्रत्यक्ष काम करून घेणाऱ्या मुकादमांनी आणि फोरमननी एकत्र बसून पुढच्या सुमारे सहा आठवड्यांतील कामांच्या आड येणाऱ्या गोष्टी शोधायच्या : नकाशा मंजूर आहे का, सळई आली का, आधीची टोळी जागा सोडेल का, पाड आहे का. ज्या कामाचे सर्व अडथळे दूर झाले आहेत, तेच पुढच्या आठवड्याच्या यादीत घ्यायचे. आठवड्याअखेर दिलेल्या शब्दांपैकी किती पाळले याची टक्केवारी काढायची, आणि न पाळलेल्या प्रत्येक शब्दाचे कारण लिहायचे.

खर्चाच्या दृष्टीने या पद्धतीइतका स्वस्त उपाय क्वचितच सापडेल. तिला लागते एक भिंत, चिठ्ठ्या आणि आठवड्यातून एक तास. अडथळा कागदावर दोन आठवडे आधी दिसला तर तो फोनवर सुटतो. कामाच्या दिवशी दिसला तर पूर्ण टोळीची मजुरी जाते. टक्केवारीचा उपयोग मात्र कोणाला धारेवर धरण्यासाठी करू नये, नाहीतर मुकादम सोपी कामेच कबूल करू लागतात.

साहित्याची खरेदी वेळापत्रकात धरावी का?

अवश्य. लिफ्ट, ट्रान्सफॉर्मर, काचेचे दर्शनी पडदे यांसारख्या वस्तू ऑर्डरनंतर कित्येक महिन्यांनी येतात, आणि ऑर्डरच्या आधी नकाशे, मंजुरी व नमुना तपासणी असते. या प्रत्येक पायरीला जाळ्यात स्वतंत्र काम म्हणून जागा द्यावी. पुष्कळदा खरा क्रिटिकल पाथ साइटवर नसतोच. तो कोणाच्या तरी टेबलावर सहीसाठी पडलेल्या नकाशातून जातो.

कारखान्यात तयार केलेले भाग वापरले तर किती वेळ वाचतो?

चीनमधील चांगशा येथे २०१५ मध्ये ५७ मजल्यांची इमारत कामाच्या १९ दिवसांत उभी केल्याची बातमी जगभर गाजली. तिचे भाग त्याआधी काही महिने कारखान्यात तयार होत होते, हे मथळ्यात नव्हते. या पद्धतीचा खरा फायदा असा, की पायाचे काम साइटवर आणि भागांचे काम कारखान्यात एकाच वेळी चालते, आणि पावसाचा त्रास होत नाही. मोबदल्यात आराखडा फार लवकर गोठवावा लागतो, वाहतूक आणि क्रेनचा खर्च वाढतो आणि पैसा सुरुवातीलाच गुंततो.

काम वेळेत आणि अंदाजपत्रकात चालले आहे, हे मध्येच कसे ओळखायचे?

खर्च झालेल्या रकमेची ठरलेल्या रकमेशी तुलना करून हे कळत नाही, आणि तरीही बहुतेक बैठकांत तेवढेच केले जाते. समजा अंदाजपत्रक १००० एककांचे आहे, आजपर्यंत ४०० एककांचे काम व्हायला हवे होते आणि ३८० खर्च झाले आहेत. वीस वाचले असे वाटते. आता तिसरा आकडा घ्या : जेवढे काम प्रत्यक्ष झाले आहे, त्याची अंदाजपत्रकातील किंमत ३४० आहे. म्हणजे वेळेच्या बाबतीत ४०० पैकी ३४०, गुणोत्तर ०.८५, आणि खर्चाच्या बाबतीत ३८० देऊन ३४० चे काम मिळाले, गुणोत्तर सुमारे ०.८९. काम मागेही आहे आणि महागही. हाच कल राहिला तर एकूण खर्च सुमारे १११८ वर जाईल.

हिला अर्जित मूल्याची पद्धत म्हणतात. तिच्यात दोन फसगती आहेत. पहिली, ‘९० टक्के झाले’ अशा तोंडी अंदाजावर मूल्य धरणे. त्याऐवजी सुरू झाल्यावर शून्य आणि पूर्ण झाल्यावरच शंभर, किंवा मोजता येतील असे टप्पे ठरवावेत. दुसरी, क्रिटिकल नसलेली महाग कामे आधी उरकून गुणोत्तर सुंदर दाखवणे. संगमरवर लवकर आणून बसवला की आकडे हसतात, तारीख मात्र तशीच घसरत राहते. म्हणून हे गुणोत्तर नेहमी क्रिटिकल पाथच्या शेजारी ठेवून वाचावे.

सर्व कामे शक्य तितक्या लवकर सुरू करावीत का?

क्रिटिकल कामे, होय. फ्लोट असलेली कामे लवकर सुरू केली तर धोका कमी होतो, पण पैसा लवकर बाहेर पडतो, त्याचे व्याज चढते आणि मालाला सांभाळावे लागते. उशिरा सुरू केली तर रोकड हातात राहते, पण प्रत्येक वाट क्रिटिकल होऊन बसते. मधला मार्ग असा, की सवड थोडी वापरून मजुरांची संख्या समान ठेवावी. एका आठवड्यात चाळीस गवंडी आणि पुढच्यात पंधरा, अशी चढउतार कोणत्याही साइटला परवडत नाही, आणि सोडलेली चांगली टोळी परत येतेच असे नाही.

वेळापत्रक किती वेळा दुरुस्त करावे?

मूळ मंजूर वेळापत्रकाची एक प्रत कधीच बदलू नये. तुलना तिच्याशीच करायची असते. चालू प्रत मोठ्या प्रकल्पात दर पंधरवड्याला किंवा महिन्याला आणि आठवड्याची यादी दर आठवड्याला अद्ययावत करावी. नोंदताना ‘किती टक्के झाले’ यापेक्षा ‘आणखी किती दिवस लागतील’ हे विचारावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना माणूस जास्त विचार करतो. सॉफ्टवेअर कोणतेही चालेल. प्रत्येक कामाला सक्तीची तारीख चिकटवून ठेवली असेल, तर मात्र सॉफ्टवेअर कितीही महाग असले तरी ते पुन्हा रंगीत बार चार्टच होते.

लहान घराच्या बांधकामाला एवढे सगळे लागते का?

सगळे लागत नाही. तीस-चाळीस कामे एका मोठ्या कागदावर चौकोनांत लिहून बाणांनी जोडली, तरी जाळे तयार होते; स्टॅनफर्डचे जॉन फोंडाल यांनी १९६१ मध्ये मांडलेली अशीच पद्धत मुळात संगणकाशिवाय हिशोब करता यावा म्हणूनच होती. सर्वांत लांब वाट लाल पेनने अधोरेखित करावी, उशिरा येणाऱ्या वस्तूंच्या ऑर्डरच्या तारखा तिच्याखाली लिहाव्यात आणि दर शनिवारी ठेकेदारासोबत पुढच्या दोन आठवड्यांचे अडथळे वाचून काढावेत. बिलाचे हप्ते दिवसांवर न बांधता टप्प्यांवर बांधावेत : जोते झाले, स्लॅब झाला, गिलावा झाला. लाल रेषेवर नसलेल्या कामासाठी कोणी घाईचा जादा दर मागितला, तर तो का द्यायचा हे आधी विचारावे.